विटांवर उभी परदेशीण

झाशीहून बबीना-ललितपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिजौली लागतं. सरकारी कागदांत हे औद्योगिक क्षेत्र, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याच्या लेखी ट्रक, टायर आणि धूळ. अशा गावातल्या एखाद्या गॅरेजच्या मागच्या अंगणात, फाटक्या ताडपत्रीखालून गोल मडगार्ड आणि परातीएवढा दिवा डोकावताना दिसला, की बघणारा हमखास एकच विचारतो : ही परदेशीण इथे कशी? मग मोबाइल निघतो, फोटो निघतात, दुर्मिळ ठेवा सापडल्याचा आनंद होतो, आणि असा ठेवा असा उकिरड्यावर पडावा याची हळहळही त्याच श्वासात होते. माझं म्हणणं असं, की आनंद आणि हळहळ दोन्ही चुकीच्या खात्यावर जमा होतात. ती गाडी इथे नसती तर कुठेच नसती. आणि ती टिकली याचं कारण तिची कुणी उत्तम दुरुस्ती केली हे नसून, तिची दुरुस्ती कधी पुरी झाली नाही, हे आहे. भारतात जुन्या मोटारी जपण्याचं सगळ्यात मोठं काम अर्धवट दुरुस्तीने केलं आहे, आणि तिचा आजवर कुणी साधा नारळ देऊन सत्कार केलेला नाही.

आधी ती या भागात आली कशी ते पाहू. मराठी माणसाला झाशी म्हटलं की नेवाळकरांची गादी आठवते. पण या गादीने मोटार पाहिलेलीच नाही. गंगाधरराव १८५३ साली गेले, पुढच्या वर्षी संस्थान खालसा झालं आणि बेंझसाहेबाने जर्मनीत आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट काढलं ते १८८६ साली. (त्याच १८८६ साली इंग्रजांनी शिंद्यांना ग्वाल्हेरचा किल्ला परत देऊन झाशी शहर स्वतःकडे घेतलं. त्या अदलाबदलीत मोटारीचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही.) म्हणजे झाशीला राजा नव्हता, पण शेजार राजांनी भरलेला होता. दतियाला पंधरा तोफांची सलामी, ओरछ्याच्या राजांना पंधरा, समथरला अकरा, पलीकडे चरखारी, पन्ना, छतरपूर, बिजावर. तोफा सरकार मोजून देई. मोटारीवर मात्र तशी मर्यादा नव्हती, त्यामुळे तोफांत पडलेली उणीव मोटारीच्या लांबीत भरून काढता येई. उत्तरेला ग्वाल्हेर होतंच. रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी १९०८ साली मुंबई-कोल्हापूरच्या घाटांतल्या चाचणीत उतरली, नाव कमावून गेली, आणि ती विकत घेतली ग्वाल्हेरच्या महाराजांनी. आपल्या घाटांनी पास केलेली गाडी शिंद्यांनी चंबळच्या बाजूला नेली, हा मराठी इतिहासाचा जरा दुर्लक्षित अध्याय आहे. शिवाय झाशी आणि बबीना ही छावणीची ठाणी आणि झाशी रेल्वेचं मोठं जंक्शन. साहेब लोक आले तेव्हा गाड्या आल्या. ते गेले तेव्हा गाड्या नेणं परवडत नव्हतं. मग त्या ठेकेदारांकडे गेल्या, वकिलांकडे गेल्या, आणि शेवटी मिस्त्रीकडे. तेव्हा परदेशी गाडी बिजौलीला कशी, हा प्रश्नच नाही. खरा प्रश्न असा, की तिच्याबरोबरच्या बाकीच्या कुठे गेल्या?

त्या तीन वाटांनी गेल्या. पहिली वाट उत्तम गाड्यांची. इंदूरच्या यशवंतराव होळकरांकडे काय नव्हतं? बुगाटी होती, अल्फा रोमिओ होती, आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून अंग चढवून घेतलेली लांबलचक ड्यूसेनबर्ग होती. या गाड्या चोख होत्या, नामांकित होत्या, कागद जागेवर होते. परिणाम एवढाच, की आज त्या पाहायच्या तर पासपोर्ट काढावा लागतो. जिची किंमत सगळ्यांना कळते ती गाडी घरात राहत नाही. पुढे सरकारने १९५० पूर्वीच्या मोटारी परवान्याशिवाय बाहेर नेण्यावर बंधन घातलं, पण तोवर घोड्यांबरोबर तबेलेही रिकामे झाले होते. दुसरी वाट चालत्या गाड्यांची. मुंबईची पद्मिनी टॅक्सी हे तिचं ठळक उदाहरण. ही मूळची फियाट ११००, इटलीची लेक, कुर्ल्यात लहानाची मोठी झालेली. वीस वर्षं रात्रंदिवस धावायचं आणि मग नियमाप्रमाणे मोडीत जायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. हजारोंनी होत्या, म्हणून कुणाला जपाव्याशा वाटल्या नाहीत. आणि तिसरी वाट पूर्ण मेलेल्या गाड्यांची : ती वजनकाट्यावरून जाते. राहिली कोण? जी धड चालत नाही आणि धड मेलीही नाही, ती. जिला फक्त एक पार्ट हवा आहे, ती.

हिंदी सिनेमाने १९५८ साली ‘चलती का नाम गाडी’ असं जाहीर करून टाकलं. तीन भावांचं गॅरेज दाखवूनही. त्याच साली ऋत्विक घटकांनी बंगालीत ‘अजांत्रिक’ काढला, आणि मला वाटतं विषय जास्त खोल त्यांनाच कळला. त्यातला टॅक्सीवाला आपल्या खिळखिळ्या मोटारीला जीव लावून असतो. ती कुरकुरत का होईना चालत असते. मग तो साठवलेले पैसे ओतून तिची नीट दुरुस्ती करतो, नवे भाग बसवतो, आणि गाडी कायमची बसते. शेवटी भंगारवाला तिचे तुकडे घेऊन जातो. लोक हा सिनेमा माणूस आणि यंत्राच्या प्रेमाचा म्हणून पाहतात. बिजौलीच्या मिस्त्रीला दाखवला तर तो म्हणेल, चूक उघड आहे, काम पुरं करायला सांगितलं कुणी?

काम पुरं न होण्याला मिस्त्रीचा आळस हे कारण लोक देतात. ते अन्यायाचं आहे, कारण इतिहास मिस्त्रीच्या बाजूने आहे. जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत शिवडीला शेवरोले जोडत होती. फोर्डही इथे गाड्या जोडत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, नुसती जोडणी पुरे, इथे बनवा नाहीतर निघा. आणि १९५४ साली दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच परकीय चलनाची चणचण लागली आणि आयातीचा दरवाजा जवळजवळ बंद झाला. आता शेवरोलेचा वॉटर पंप कुठून आणणार? तेव्हापासून आजतागायत देशातल्या गॅरेजांमध्ये एकच वाक्य ऐकू येतं : ‘बस, एक पार्ट आना है.’ लोक याला थाप समजतात. हे वाक्य निदान त्या काळापुरतं शंभर टक्के खरं होतं. नंतर ते खरं ठेवण्याची जबाबदारी मिस्त्रीने घेतली, एवढंच.

त्यातून पार्ट आला तरी तो बसवणं सोपं नाही, हेही हळहळणाऱ्यांनी समजून घ्यावं. ट्रकवर काम करणाऱ्या माणसाकडे मिलिमीटरचे पाने असतात. अमेरिकन गाडीला इंचाचे पाने लागतात, ते नटाचं डोकं मोजतात. जुन्या इंग्रज गाडीला लागतात व्हिटवर्थचे पाने, आणि ते नटाचं डोकं मोजतच नाहीत, बोल्टची जाडी मोजतात. त्यामुळे ज्या पान्यावर अर्धा इंच लिहिलेलं असतं त्याचं तोंड प्रत्यक्षात नऊ-दशांश इंचाहून थोडं मोठंच भरतं. इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य कसं केलं, हे त्या पान्याकडे पाहून थोडं उमगतं. पण खरी कमाल मॉरिसच्या इंजिनाची. ती इंजिनं एके काळी कव्हेंट्रीला हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात बनत. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. गिऱ्हाईक इंग्रज, म्हणून डोकी व्हिटवर्थची. कारखाना पुढे मॉरिसने विकत घेतला, पण आटे तसेच राहिले. आता कल्पना करा, की बिजौलीत अशा इंजिनाचा एक बोल्ट तुटला. डोकं पाहून इंग्रजी बोल्ट शोधला तर तो दोन फेरे जातो आणि अडकतो; जोर लावला तर भोकातले आटे जातात. मग लेथवाल्याकडे जावं लागतं. लेथवाला म्हणतो, नमुना आणा. नमुना तर तुटून आत राहिलेला. या टप्प्यावर कुठलाही शहाणा मिस्त्री हात पुसून गाडीची चाकं काढतो, खाली विटांच्या चार थप्प्या लावतो आणि ताडपत्री पांघरतो. पंढरीचा देव एका विटेवर उभा राहिला तो भक्ताचं काम उरकेपर्यंत. इथेही कुणाचं तरी काम उरकायचं आहे, एवढंच. फक्त विटा जास्त लागतात.

मालकाचं काय? तोही या संरक्षणात आपला वाटा उचलतो. गाडी आजोबांच्या नावावर असते, आजोबा नसतात, आणि विकायची तर सगळ्या भावंडांच्या सह्या लागतात. पाच भाऊ एका कागदावर सही करणारे असते तर गाडीच काय, वाडासुद्धा विकला गेला असता. शिवाय किमतीचा घोळ आहे. २०२२ साली मर्सिडीजची एक १९५५ सालातली ३०० एसएलआर लिलावात १३५ दशलक्ष युरोंना गेली. ही बातमी पसरली, आणि त्या दिवसापासून बुंदेलखंडातल्या प्रत्येक हिलमनचा मालक मनातल्या मनात आकडेमोड करतो आहे. दोन गाड्यांत चार चाकं आणि एक स्टिअरिंग एवढं साम्य त्याला पुरतं. त्यात गाडीबरोबर येणाऱ्या आख्यायिका. कुणाची व्हाइसरॉयने वापरलेली, कुणाची थेट हिटलरने धाडलेली. लंडनच्या विक्रेत्याने अपमान केला म्हणून राजाने रागावून रोल्स-रॉइस कचरा वाहायला लावली ही गोष्ट तर अलवरची म्हणून सांगतात, भरतपूरची म्हणून सांगतात आणि पतियाळाचीही. लंडनच्या त्या विक्रेत्याने एवढ्या राजांचा अपमान करून धंदा कसा चालवला, हे कुणी विचारत नाही. पण या आख्यायिकांचा फायदा असा, की गाडी भंगारवाल्याला किलोवर द्यायला मन धजत नाही. मेला हत्ती सव्वा लाखाचा, ही म्हण ज्याने पाडली त्याच्या दारात नक्की एखादी ऑस्टिन उभी असणार, असं म्हणायचा मोह होतो. म्हण जुनी आहे म्हणून आवरतो.

या सगळ्यावर कायद्याने जे कळस चढवले आहेत त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२पासून साध्या गाडीसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि आयात केलेल्या गाडीसाठी १५,००० वरून ४०,००० झाली. वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांना तर पुढे आणखी चाप बसला. म्हणजे म्हातारपणाचा दंड वाढता. दुसरीकडे २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांचे वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली, की गाडी विंटेज. तिच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणी २०,००० रुपयांत, आणि तीही दहा वर्षांसाठी. २०२२च्या दराने हिशेब केला तर एकोणपन्नास वर्षांची परदेशी गाडी पाच वर्षांना चाळीस हजार मोजणार, आणि पुढच्या वाढदिवसाला दहा वर्षांचे वीस हजार. आपल्या देशात वय वाढल्यावर मान मिळतो हे खरं, पण तो असा एका रात्रीत मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला सुचत नाही. प्रश्न राहतो मधल्या काळाचा. वीस ते पन्नास ही तीस वर्षं गाडीने काढायची कुठे? रस्त्यावर आली तर फिटनेसची परीक्षा, फी, पोलीस. दारात उभी केली तर शेजारी. या वनवासाला अज्ञातवासाची जोड हवी, आणि विराटाचं घर म्हणून मिस्त्रीच्या मागच्या अंगणाइतकी सोयीची जागा नाही. बरं, विंटेज झाल्यावर तरी सुटका? तेव्हाही तिला रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्याचसाठी परवानगी. प्रदर्शनं आणि रॅल्या निघतात दिल्ली-मुंबईकडे. झाशीकडच्या विंटेज गाडीला वर्षाचे उरलेले दिवस कायदेशीरपणे जाण्यासारखी ठिकाणं दोनच : पेट्रोलपंप आणि गॅरेज. तरीही ती गॅरेजात सापडली म्हणून आपण आश्चर्य करायचं!

आता कोणी म्हणेल, हे सगळं गंमत म्हणून ठीक, पण नीट राखलेल्या गाड्याही टिकतातच की. कोल्हापूर संस्थानाची मेबॅक पाहा. दसऱ्याला छत्रपती त्या गाडीतून दसरा चौकात येतात आणि सारं कोल्हापूर ती डोळे भरून पाहतं. आक्षेप मान्य; पण तिला काय काय लागलं तेही मांडा. राजवाडा लागला, न तुटलेलं घराणं लागलं, वर्षातून एक ठरलेला दिवस लागला, आणि गाडीइतकीच मिरवणुकीवर माया करणारं गाव लागलं. एवढा सरंजाम असेल त्याने खुशाल दुरुस्ती पुरी करावी. संग्रहालयांचं म्हणाल, तर अहमदाबादजवळ कठवाड्याला भोगीलालांचा मोठा संग्रह आहे, तो जरूर पाहावा. पण संग्रहालय हे गाडीचं शेवटचं स्टेशन. संग्राहक येऊन पोचेपर्यंत चाळीस-पन्नास वर्षं गाडी कुणीतरी सांभाळलेली असावी लागते, आणि ते काम कुणा न्यासाने केलेलं नसतं. ते भाडं थकलेल्या एका शेडने केलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. विटांवर उभी गाडी टिकते म्हणजे नेमकं काय टिकतं? बुंदेलखंडाची हवा कोरडी, त्यामुळे कोकणात दोन पावसाळ्यांत होईल तेवढा गंज इथे धरायला बराच वेळ जातो, हे मोठं भाग्य. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा रबर तडकतं, सीटचं कातडं पापडासारखं वळतं. जुन्या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असे. तो वाळवीला फार आवडतो, आणि वाळवी बाहेरून काही दाखवत नाही. एक दिवस दार उघडायला जावं तर बिजागरी हातात आणि दार जमिनीवर. कार्ब्युरेटर कधीच उसना गेलेला असतो, घड्याळ कुणाच्या तरी दिवाणखान्यात असतं, बॉनेटवरची मूर्ती कुठे गेली हे विचारू नये. आणि काही गाड्यांच्या पोटात मूळ इंजिनाऐवजी मॅटडोरचं डिझेल इंजिन धडधडत असतं. शुद्धतेचे उपासक इथे कपाळावर हात मारतात. कायदाही त्यांच्याच बाजूने : सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येत नाही.

पण हा सोवळेपणा मला थोडा नवश्रीमंत वाटतो. रोल्स-रॉइस कंपनी त्या काळी विकायची ती नुसती चासी. वरचं अंग बार्करकडून किंवा हूपरकडून शिवून घ्यायचं, आणि जुनी तऱ्हा नकोशी झाली की त्याच चासीवर दुसरं अंग चढवायचं, हे साक्षात लंडनमध्ये चाले. तिथे झालं की तो कारागिरीचा इतिहास, आणि बिजौलीत झालं की जुगाड. पहिलं इंजिन बसल्यावर ज्याने मॅटडोरचं घातलं त्याने गाडीची चालती पंचवीस वर्षं वाढवली. त्याने तसं केलं नसतं तर चासी नंबरची ती पितळी पट्टीसुद्धा आज हाती लागली नसती. मूळ इंजिन मात्र बहुधा फेकलेलं नसतं. ते त्याच शेडच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, पार्टची वाट पाहत असतं.

आणि जे म्हणतात, की रयतेच्या शेतसाऱ्यातून घेतलेल्या या गाड्या, यांच्यासाठी एवढं का रडायचं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. रडू नयेच. संस्थानं विलीन झाली, १९७१ साली तनखे गेले, आणि मग ही गाडी राजाकडून दिवाणाच्या मुलाकडे, त्याच्याकडून ठेकेदाराकडे, तिथून लग्नाच्या वराती वाहणाऱ्याकडे आणि शेवटी मिस्त्रीकडे आली. ज्या गाडीच्या सावलीत उभं राहायची कुणाची छाती नव्हती, तिच्या मागच्या सीटवर आज मिस्त्रीचा पोरगा दुपारची झोप काढतो. एवढं सामाजिक परिवर्तन भल्याभल्या घोषणांनी केलेलं नाही.

तेव्हा अशी गाडी दिसली, तर फोटो काढा, पण लगेच देशभर पाठवू नका; पाठवलात की आठवड्यात एक गिऱ्हाईक आणि दोन दलाल येतात. मिस्त्रीला फक्त एवढं विचारा, की कधी होईल. ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणाला तर चिंता नाही, गाडी तुमच्या नातवंडांनाही बघायला मिळेल. ‘झाली, आज संध्याकाळी घेऊन जाणार आहेत’ म्हणाला, तर मात्र नीट बघून घ्या.